तीन नंबर कट केला की आवाज जायचा, तरी बेअरिंग चांगलं होतं

डिझेल इंजिनात ठोका आला की बहुतेक गॅरेजमध्ये एक चाचणी हमखास होते. इंजिन चालू ठेवून एकेक सिलिंडर बंद करत जायचं. ज्या सिलिंडरला आवाज थांबेल, त्याच्या कनेक्टिंग रॉडचं बिग एंड बेअरिंग (रॉडच्या खालच्या, क्रँकला जोडलेल्या टोकाचं) गेलं असं धरायचं आणि इंजिन उतरवायला घ्यायचं. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदारांच्या गाडीत ही चाचणी व्यवस्थित झाली होती आणि तिचं उत्तरही खरं होतं. तीन नंबर बंद केला की ठोका थांबत होता. त्यावरून हाफ इंजिनचं काम, म्हणजे इंजिन उतरवून बेअरिंग बदलायचं काम सांगितलं गेलं, अंदाज ७० ते ८० हजारांचा. ते काम झालं असतं तर नवी बेअरिंग घातलेलं इंजिन चालू केल्यावर तोच ठोका पुन्हा ऐकू आला असता, कारण दोष दुसरीकडेच होता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. गॅरेजमध्ये शिकणाऱ्या मुलांसाठी, आणि ‘इंजिन खोलावं लागेल’ हे वाक्य ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्या गाडीमालकांसाठीही.

गाडी आणि तक्रार

गाडी २०१३ची. चार सिलिंडरचं छोटं कॉमन रेल डिझेल इंजिन (एकाच नळीत, म्हणजे रेलमध्ये, मोठ्या दाबाने डिझेल ठेवून तिथून सगळ्या सिलिंडरना देणारं), दीड लाखाच्या पुढे किलोमीटर. त्या बागायतदारांची, आप्पांची, गाडी शहरात कमी आणि बागेत, मार्केट यार्डात, चांदवड-नाशिक अशी जास्त फिरते. नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या गॅरेजला ते आले तेव्हा दुसरीकडचा खर्चाचा अंदाज खिशात होता आणि ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांचा खर्च डोक्यावर होता.

मी आधी बॉनेट उघडलं नाही, बोलत बसलो. आवाज कसा येतो हे प्रत्येक गाडीवाला सांगतो, पण कधी येतो हे विचारावं लागतं. थंड की गरम? उभ्या गाडीत की लोडवर? रेस देताना की सोडताना? आप्पांनी नीट सांगितलं. “मिस्त्री, सकाळी चालू केली का लई जोरात टकटक. गरम झाली का कमी व्हतं, पण जात नाही. घाटात तिसऱ्या गिअरला दाबली का परत. सोडली का गप.” आणि जाता जाता म्हणाले, “बाकी ऑइल मात्र एक थेंब खात नाही. उलट पट्टीवर जास्तच दिसतंय.”

या दोन-तीन वाक्यांत अर्ध निदान होतं. बिग एंड बेअरिंग झिजलं की आवाज साधारण उलटा वागतो. थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं, ते फटीत भरून राहतं आणि ठोका दबतो. इंजिन तापून ऑइल पातळ झालं की आवाज वाढतो. शिवाय २००० ते २५०० आरपीएमला नेऊन रेस अचानक सोडली की सैल रॉड खडखडतो. इथे थंडीत जास्त, गरम झाल्यावर कमी आणि रेस सोडली की शांतता. नुसत्या एवढ्यावर बेअरिंगला क्लीन चिट देता येत नाही, पण शंका घ्यायला एवढं पुरेसं होतं.

ऑइल वाढतंय हे वाक्य तर मी वहीत अधोरेखित केलं. इंजिनात ऑइल आपोआप वाढत नसतं. पट्टीवर पातळी चढत असेल तर दुसरं काहीतरी त्यात मिसळतंय. पाणी तरी, नाहीतर डिझेल.

आधी झालेल्या दोन चाचण्या

आधीच्या गॅरेजने दोन चाचण्या केल्या होत्या आणि दोन्ही नीट केल्या होत्या. पहिली सिलिंडर कट करण्याची, तीही स्कॅनरवरून, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावरून. जुन्या पंपाच्या इंजिनांत मिस्त्री चालू इंजिनात नोझलच्या पाइपचा नट सैल करून सिलिंडर बंद करायचे. अजूनही काही जुने हात सवयीने तेच करायला जातात. कॉमन रेलमध्ये हे कधीही करू नका. रेलमधला दाब आयडलिंगलाही, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असतानाही, २५० ते ३०० बार असतो आणि लोडवर १६०० बारपर्यंत जातो. एवढ्या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आत बोट सडायला लागतं. असं कधी झालंच तर दुखत नसलं तरी थेट दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना दाबाखालचं डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं. चालू इंजिनात इंजेक्टरचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या पार्टचा) कनेक्टरही हाताने ओढायचा नाही, कारण इंजेक्टर उघडताना त्या तारांवर बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज येतं. स्कॅनरमध्ये सिलिंडर बंद करायची सोय असते, तीच वापरायची.

दुसरी चाचणी बॅकलीकची. चारही इंजेक्टरच्या रिटर्न लाइनला सारख्या बाटल्या लावायच्या, इंजिन ठरावीक वेळ चालवायचं आणि कोणत्या बाटलीत डिझेल जास्त येतं ते बघायचं. चारही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या होत्या. म्हणजे इंजेक्टर चांगले, मग उरलं बेअरिंग. तर्क सरळ होता.

पण हा तर्क दोन ठिकाणी तुटतो. तीन नंबर बंद केल्यावर ठोका का थांबतो? त्या सिलिंडरमध्ये जळण होत नाही, पिस्टनवर धक्का बसत नाही, म्हणून सैल बेअरिंग वाजत नाही. बरोबर. पण जळणच वेडंवाकडं होत असेल, तर डिझेल बंद केल्यावर तो आवाजही जाणारच. पिस्टन पिन सैल असेल तरी आवाज बदलणार. सिलिंडर कट करण्याची चाचणी सिलिंडर सांगते, पार्ट सांगत नाही. ज्याने हे लक्षात ठेवलं त्याने अर्धी लढाई जिंकली.

बॅकलीकचंही तसंच. इंजेक्टरच्या वरच्या भागात एक छोटा कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. तो झिजला की डिझेल रिटर्नमध्ये जास्त जातं आणि बाटली भरते. खालच्या टोकाला नोझल असतं, त्याची सुई नीट बसत नसेल तर डिझेल रिटर्नला जातच नाही, ते थेट सिलिंडरमध्ये गळतं. बाटलीत त्याचा थेंबही दिसत नाही. बॅकलीक चांगला आला म्हणजे इंजेक्टरचा वरचा अर्धा भाग चांगला, एवढंच सिद्ध होतं.

आमच्याकडची तपासणी

गाडी मी रात्रभर ठेवून घेतली. थंड आवाज ऐकायचा तर इंजिन खरोखर थंड हवं. आदल्या संध्याकाळी तासभर चालून आलेलं इंजिन ऐकून निदान करण्यात अर्थ नसतो. आमच्याकडे डिसेंबरात सकाळी चांगलीच थंडी असते, निफाड भागात तर पारा एक आकडी होतो. सकाळी सेल मारला आणि पहिल्या सेकंदापासून ठोका. कोरडा, टणक, वरच्या बाजूने येणारा. सायलेन्सरमधून पांढुरका धूर, डोळ्यांत झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा.

फोनवर दहा सेकंद आवाज रेकॉर्ड केला आणि संगणकावर तरंग लांबवून ठोके मोजले. ६७ ते ६८ भरले. स्कॅनरवर इंजिन ८१० आरपीएमला होतं, म्हणजे दहा सेकंदांत क्रँक १३५ वेळा फिरला. ठोका दर दोन फेऱ्यांना एक. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदाच जळतो, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. क्रँक पुली, फ्लायव्हील यांचा आवाज दर फेरीला येतो, ते बाद झाले. टॅपेट आणि कॅमशाफ्ट अर्ध्या गतीने वाजतात खरे, पण एका सिलिंडरचं डिझेल बंद केल्याने टॅपेट गप्प बसत नाही. टायमिंग चेनही नाही. आता समोर दोनच संशयित राहिले: तीन नंबरचं खालचं काम किंवा तीन नंबरचं जळण.

मग स्टेथोस्कोप. लांब दांड्याचा मिस्त्रीचा स्टेथोस्कोप ऑइल चेंबरच्या वर, ब्लॉकच्या बाजूला लावला तर ठोका ऐकू येत होता पण दबलेला. तीन नंबरच्या इंजेक्टरच्या अंगावर टेकवला तर कानात टोचत होता. धातूतून आवाज कुठूनही कुठे पोहोचतो, त्यामुळे कानावर मी निकाल देत नाही. दिशा मात्र मिळाली.

ऑइलची पट्टी काढली. पातळी कमाल खुणेच्या बोटभर वर. बोटांत घेतलं तर पाण्यासारखं पातळ, वास डिझेलचा. गेज लावून गरम इंजिनात आयडलिंगचा दाब बघितला तर १ बारच्याही खाली. इथे घाई करणारा माणूस पक्का फसतो: ठोका आहे, ऑइलचा दाब कमी आहे, आणखी काय हवं? पण डिझेल मिसळलेल्या ऑइलचा दाब कमीच दाखवणार. मी ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला, इंजिन गरम केलं आणि पुन्हा मोजलं. आयडलिंगला दीड बारच्या वर आणि २५०० आरपीएमला साडेतीनच्या पुढे. ठोका मात्र होता तसाच. बेअरिंगच्या बाजूने उभा असलेला मोठा पुरावा ऑइलच्या एका डब्यात वाहून गेला.

जुना फिल्टर फेकला नाही. त्याचा कागद ब्लेडने कापला, घड्या उलगडून पांढऱ्या कापडावर पिळल्या आणि उन्हात धरून बघितला. बेअरिंगचा थर सुटत असेल तर या घड्यांमध्ये चंदेरी चमचम दिसते, थर पूर्ण गेला असेल तर तांबूस कणही येतात. एक लक्षात ठेवा, हे कण लोहचुंबकाला चिकटत नाहीत. नुसतं चुंबक फिरवून ‘काही नाही’ म्हणणं बरोबर नाही. आप्पांच्या फिल्टरमध्ये काजळी होती, चमक नव्हती.

आता स्कॅनरवरचा एक आकडा, ज्याकडे फार कमी लोक बघतात. कॉमन रेल इंजिनचा संगणक आयडलिंगला प्रत्येक सिलिंडरच्या जळणानंतर क्रँक किती वेगाने पुढे ढकलला गेला ते मोजत असतो. एखादा सिलिंडर कमी ढकलत असेल तर त्याला डिझेल वाढवतो, जास्त ढकलत असेल तर कमी करतो. हा फरक प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा दिसतो. आप्पांच्या गाडीत एक, दोन आणि चार नंबर शून्याच्या आसपास होते. तीन नंबर उणे ३.९ मिलिग्रॅम. म्हणजे संगणक तीन नंबरचं डिझेल जमेल तेवढं कापत होता, कारण तो सिलिंडर सांगितल्यापेक्षा जास्त जोर लावत होता. कॉम्प्रेशन गेलेला सिलिंडर इथे अधिक दाखवतो. बेअरिंग सैल झाल्याने सिलिंडरमध्ये जास्त डिझेल जळायला लागत नाही. हा आकडा बघितल्यावर माझा कौल ठरला होता. तरी सिद्ध करणं बाकी होतं.

अदलाबदल

सगळ्यात खात्रीचा पुरावा अदलाबदलीचा असतो. संशयित पार्ट एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावायचा आणि दोष त्याच्यामागे जातो का ते बघायचं. दोन आणि तीन नंबरचे इंजेक्टर एकमेकांच्या जागी लावायचे ठरवलं.

काम दिसतं त्यापेक्षा नाजूक आहे. इंजेक्टर हेडमध्ये काजळीने जाम झालेले असतात. स्क्रू ड्रायव्हरने उचकटले तर गेले. पुलर लावून, आधी जिरवणारं ऑइल सोडून, हळूहळू काढावे लागतात. काढल्या काढल्या पाइपांची आणि इंजेक्टरची तोंडं टोप्या लावून बंद करायची. आत दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत धातू धातूवर सरकत असतो आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हेडमधली इंजेक्टरची बैठक ब्रशने साफ केली, खालचा तांब्याचा वॉशर दोन्हीकडे नवा घातला. हा वॉशर जुनाच लावला तर कॉम्प्रेशन तिथून सुटतं, चफ-चफ असा नवाच आवाज सुरू होतो आणि मग कोणता आवाज कुणाचा हे कळेनासं होतं. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड असतो. जागा बदलली की तो कोडही स्कॅनरमधून नव्या सिलिंडरला भरायचा.

इंजेक्टर बाहेर असतानाच भोकातून कॅमेरा आत सोडला. दोन नंबरचा पिस्टन वरून एकसारखा काळा, कोरडा. तीन नंबरच्या पिस्टनवर एका बाजूला काजळी धुऊन निघालेली होती आणि उघड्या धातूवर ओला डाग चमकत होता. कड वितळलेली नव्हती, चीर नव्हती. हे बघून मला खरंच बरं वाटलं. गळणारं नोझल असंच चालवत राहिलं तर ते पिस्टनला भोक पाडतं, आणि मग खरोखरच इंजिन उतरवावं लागतं. ग्लो प्लगच्या (थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) जागेतून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, २६ ते २८ बारच्या दरम्यान, फरक काळजी करण्यासारखा नाही.

सगळं बसवून दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाला सेल मारला. ठोका होता. स्कॅनरवरून तीन नंबर बंद केला, ठोका चालूच. दोन नंबर बंद केला, थांबला. दोन नंबरचा आकडा आता उणे चारच्या जवळ आणि तीन नंबरचा शून्याशी. बेअरिंग जागेवरून हललं नव्हतं, इंजेक्टर हलला होता आणि आवाज त्याच्याबरोबर गेला होता.

आवाज नेमका कशाचा होता

डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं जातं आणि क्षणभराने पेटतं. त्या क्षणभरात जेवढं डिझेल आत साठतं ते एकदम भडकतं, आणि तोच डिझेलचा ओळखीचा खडखडाट. १९९७ पासून मोटारींमध्ये आलेल्या कॉमन रेलने तो कमी केला, कारण मुख्य फवाऱ्याच्या आधी एक-दोन अगदी लहान फवारे मारून आतलं जळण हळूच सुरू करता येतं. सुई अडकत असेल, नोझल गळत असेल, तर हा लहान फवारा लहान राहत नाही. जास्तीचं डिझेल साठतं आणि सगळं एका झटक्यात पेटतं. थंड इंजिनात पेटायला वेळ जास्त लागतो, म्हणून साठाही जास्त आणि ठोकाही मोठा. आप्पांचं “गरम झाली का कमी व्हतं” इथे जुळतं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, म्हणून पट्टीवरची पातळी चढत होती.

नोझल खराब का झालं

इंजेक्टर पंप-नोझलवाल्यांकडे टेस्ट बेंचवर लावला. दाब चढवल्यावर नोझलच्या टोकाला थेंब धरत होता. सुई बाहेर काढली तर तिच्या अंगावर तपकिरी डाग होते. गंज. म्हणजे डिझेलमध्ये पाणी.

डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू काचेच्या बाटलीवर उघडला. आधी गढूळ लालसर पाणी आलं, मग डिझेल. फिल्टर बदलताना कधीतरी पाण्याच्या सेन्सरची जागा नसलेला साधा फिल्टर बसवला होता आणि सेन्सरचा कनेक्टर तसाच बाजूला लटकत होता. त्यामुळे डॅशबोर्डवरचा दिवा कधी पेटलाच नाही.

“आप्पा, डिझेल कुठून भरता?” असं विचारल्यावर उलगडा झाला. फवारणीच्या ट्रॅक्टरसाठी बागेत २०० लिटरचा ड्रम असतो. घाईच्या दिवसांत गाडीतही त्यातलंच पडतं. ड्रम पत्र्याच्या शेडच्या कडेला उभा, बूच वर. पावसाळ्यात वरच्या कडेच्या आत पाणी साचतं. दिवसा ऊन लागून ड्रममधली हवा फुगते, रात्री गार होऊन आक्रसते आणि बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढलं जातं. झाकण घट्ट असलं तरी हे होतं. पाणी जड, ते तळाला बसतं, आणि ड्रम रिकामा होत आला की कॅनमध्ये तेच येतं. ट्रॅक्टरला त्रास कसा होत नाही, हा आप्पांचा प्रश्न रास्त होता. जुन्या पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये दाब कमी असतात, तो बराच काळ सहन करतो. १६०० बारवर चालणारी सुई सहन करत नाही.

दुरुस्ती आणि नंतर

तीन नंबरच्या मूळ इंजेक्टरला नवं नोझल घालून बेंचवर सेट केलं. डिझेल टाकी उतरवून धुतली, तळाशी काळपट चिकट गाळ होता. लाइनी फुंकल्या, सेन्सरची जागा असलेला बरोबर फिल्टर बसवला आणि कनेक्टर जोडला. इंजेक्टर मूळ जागी, नवे वॉशर, कोड पुन्हा भरले. काही दिवस चालवून ऑइल परत एकदा बदललं, कारण पहिलं नवं ऑइल गळक्या इंजेक्टरवरच चाचणीसाठी चाललं होतं. सगळं मिळून बिल हाफ इंजिनच्या अंदाजाच्या एक तृतीयांशाच्या आसपास झालं.

गाडी हातात देण्याआधी आप्पांना शेजारी बसवून चांदवडच्या पुढे राहूड घाटात नेली. तिसरा गिअर, पूर्ण लोड. त्यांनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं होतं. वर पोहोचेपर्यंत कोणी बोललं नाही, मग म्हणाले, “गेलं बरं का.” स्कॅनरवर तीन नंबर उणे ०.४ होता.

ड्रम आता शेडच्या आत आडवा ठेवलाय, दोन्ही बुचं पातळीखाली राहतील असा, आणि तळापासून चार बोटं वर नळ बसवलाय. गाडीत मात्र त्यातलं डिझेल घालायचं नाही असं ठरलं. एक काम शिल्लक आहे. बेंचवर चारही इंजेक्टर बघितले तेव्हा एक नंबरच्या सुईवरही गंजाची बारीक सुरुवात दिसली होती. फवारा चांगला होता आणि आकडा शून्याजवळ, म्हणून तो बदलायला लावला नाही. पुढच्या सर्व्हिसला ऑइलच्या पट्टीची पातळी आणि एक नंबरचा आकडा आधी बघायचा, हे आप्पांच्या सर्व्हिस बुकात पहिल्या पानावर लिहून दिलंय, म्हणजे ती गाडी कोणत्याही मिस्त्रीकडे गेली तरी त्याला ते दिसेल.